वेळ आली नव्हती

पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस हार्ट अटॅकने गेला की दहाव्यापर्यंत भेटायला येणारा प्रत्येक जण एक वाक्य बोलून जातो. 'अटॅक काय सांगून येतो?' समोरचा मान हलवतो आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं, 'वेळ आली होती, दुसरं काय.' दुःखाच्या घरात या वाक्यांनी कुणाचं काही बिघडत नाही, आणि तिथे कुणी वाद घालायला जाऊही नये. पण हीच वाक्यं पुढे कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर, फॅमिली ग्रुपवर फिरत राहतात आणि हळूहळू त्यांचं वैद्यकशास्त्र बनतं. माझं भांडण त्या वैद्यकशास्त्राशी आहे. हार्ट अटॅकचा दिवस आणि तास कुणालाच सांगता येत नाही, हे कबूल. मात्र तो घडवणारा रोग वर्षानुवर्षं अंगात मुरत असतो, आणि अटॅक आल्यावरही बहुतेकांच्या हातात काही तास असतात. ते तास आपण वाया घालवतो आणि खापर नशिबावर फोडतो.

आधी समोरच्याची बाजू नीट ऐकू. तो म्हणतो, 'हृदयाचे एवढे मोठे सर्जन डॉ. नितू मांडके, तेही २००३ साली हार्ट अटॅकनेच गेले. मग तुमच्या तपासण्यांचा उपयोग काय? उलट आमचे आजोबा दिवसाला बंडलभर विड्या ओढून नव्वद वर्षं जगले. आणि शेजारचा जिमला जाणारा पोरगा बेचाळिसाव्या वर्षी गेला.' यातलं काहीही खोटं नाही. पण त्यातून सिद्ध इतकंच होतं की एकेका माणसाबद्दल छातीठोक भविष्य वर्तवता येत नाही. हेल्मेटशिवाय चाळीस वर्षं स्कूटर चालवून सुखरूप राहिलेले लोक प्रत्येक गावात सापडतात. म्हणून हेल्मेट निरुपयोगी ठरत नाही. विड्या ओढून नव्वदी गाठलेले आजोबा आपल्याला दिसतात, कारण ते होते. त्यांच्याबरोबर विड्या ओढणारे आणि पंचावन्नाव्या वर्षीच गेलेले त्यांचे मित्र नातवंडांनी पाहिलेलेच नसतात.

आता रोग कधी सुरू होतो ते पाहू. १९५३ साली अमेरिकेच्या लष्करी डॉक्टरांनी कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० सैनिकांच्या हृदयांची तपासणी प्रसिद्ध केली. सरासरी वय २२. लढाईला पाठवलेली, धडधाकट पोरं. त्यातल्या ७७ टक्क्यांच्या करोनरी धमन्यांत, म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरवणाऱ्या नळ्यांत, चरबीचे थर किंवा त्याहून पुढची विकृती डोळ्यांना दिसेल इतकी होती. पन्नाशीत येणाऱ्या अटॅकची सुरुवात विशीत झालेली असते. मधल्या तीस वर्षांत हा रोग काही गुपचूप बसत नाही. वाढलेला रक्तदाब, बिघडलेली साखर, वाढलेलं कोलेस्टेरॉल, सुटलेलं पोट, तोंडातला तंबाखू ही त्याचीच बोली आहे. २००४ साली ५२ देशांतला इंटरहार्ट हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण अशा मोजता येणाऱ्या नऊ गोष्टींतून पहिल्या हार्ट अटॅकचा पुरुषांतला सुमारे ९० टक्के आणि स्त्रियांतला ९४ टक्के धोका उलगडतो, असं त्यात दिसलं. त्याच अभ्यासात भारत आणि शेजारच्या देशांतल्या लोकांचं पहिल्या अटॅकचं सरासरी वय ५३ निघालं. इतरत्र ते ५९ होतं. आणि 'मी विडी-सिगारेट ओढत नाही, फक्त मळून खातो' म्हणणाऱ्यांसाठीही उत्तर होतं: तंबाखू चघळणाऱ्यांत अटॅकची शक्यता दुपटीहून जास्त. मिश्री लावणाऱ्या आईलाही हे सांगायला हवं.

तेव्हा अटॅक सांगून येत नाही म्हणताना त्या घरातलं कपाट उघडून बघावं. खालच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट असतो. साखरेसमोर तारा, कोलेस्टेरॉलसमोर तारा, आणि रक्तदाबाची गोळी 'बरं वाटायला लागलं' म्हणून महिन्यात बंद केलेली.

एक गोष्ट मात्र समोरच्याच्या बाजूने मान्य करायला हवी. गेल्या महिन्यात स्ट्रेस टेस्ट चांगली आलेला माणूस या महिन्यात अटॅकने जाऊ शकतो, आणि त्यामागे डॉक्टरची चूक असतेच असं नाही. धमनी इंचाइंचाने अरुंद होत शेवटी बंद पडते, असं आपण समजतो. बऱ्याचदा तसं होत नाही. धमनी निम्मीही बुजलेली नसते. चालताना, जिना चढताना काही त्रास नसतो. पण तिच्या भिंतीतल्या चरबीच्या गाठीवरचा पापुद्रा पातळ असतो. तो एके दिवशी फाटतो, आतला ऐवज रक्ताला लागतो आणि शरीर नेमकं तेच करतं जे बोट कापल्यावर करतं: रक्ताची गुठळी बनवतं. बोटावर ती जीव वाचवते; तीनचार मिलिमीटरच्या नळीत तीच जीव घेते. पापुद्रा कोणत्या रात्री फाटेल हे सांगणारी तपासणी आज नाही. काहींच्या बाबतीत पहिलं लक्षणच मृत्यू असतं, हेही खरं. पण गाठच लहान राहावी, पापुद्रा जाड राहावा, यासाठी औषधं आहेत आणि तंबाखू सोडणं आहे. आणि फाटल्यावरचं जे आहे, ते तर सगळं घड्याळावर आहे.

ते घड्याळ जवळून बघू. तालुक्याच्या गावातलं असं घर आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. रात्रीचे पावणेतीन. बावन्न वर्षांचा माणूस उठून बसतो. छातीच्या मधोमध दडपण, डावा हात जड, जबड्यात कळ, बनियन घामाने चिंब. बायको म्हणते, 'अहो, रात्री भजी जास्त झाली तुम्हाला.' इनो येतं. ढेकर येते, क्षणभर हलकं वाटतं. साडेतीनला ओकारी होते. 'बघ, पित्तच होतं.' आई उठून ओवा देते, पाठ चोळते. मुलगा फोन हातात घेतो तर त्यालाच दटावणी, 'एवढ्या रात्री कुणाला उठवतोस? सकाळी बघू.' सकाळी माणूस आंघोळ उरकतो, जिना उतरतो आणि मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून दवाखान्यात जातो. ईसीजी निघतो तेव्हा नऊ वाजलेले असतात. गुलाबी चौकटींच्या कागदावरची रेघ जिथे खाली उतरायला हवी तिथे वर राहिलेली असते. डॉक्टर फोन उचलतात आणि 'ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या' म्हणतात. जिल्ह्याचं गाव दीड तासावर.

या सव्वासहा तासांत आत काय चाललं होतं? धमनी बंद होताच मिनिटाच्या आत तिच्यावर विसंबलेल्या स्नायूने आकुंचन पावणं थांबवलं. वीस ते चाळीस मिनिटांत सर्वांत आतल्या थरातल्या पेशी कायमच्या मरायला लागल्या, आणि मरण आतून बाहेर पसरत गेलं. १९७७ साली रायमर आणि जेनिंग्ज या संशोधकांनी कुत्र्यांवर हे मोजलं. धोक्यात आलेल्या स्नायूपैकी ४० मिनिटांत ३८ टक्के, ३ तासांत ५७ टक्के आणि ६ तासांत ७१ टक्के मेला होता. माणसात आकडे थोडे इकडेतिकडे होतील, दिशा तीच. घाम आला तो भज्यांमुळे नव्हे. संकट ओळखून शरीराने ॲड्रेनलिन ओतलं म्हणून. ओकारी आली, कारण दुखावलेल्या हृदयाच्या नसा पोटालाही ढवळतात, विशेषतः हृदयाची खालची बाजू मार खाते तेव्हा. हात आणि जबडा दुखला, कारण हृदयाच्या संवेदना मज्जारज्जूत जिथे पोचतात त्याच आसपास छाती, हात, अन्ननलिका यांच्याही पोचतात, आणि मेंदूला पत्ता नीट कळत नाही. म्हणूनच ढेकर आली, बरं वाटलं, याला पुरावा म्हणून कवडीची किंमत नाही.

मेलेला स्नायू परत येत नाही. हृदयाच्या पेशी नव्या होतात, पण पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का आणि पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. मेलेल्या जागी सहा-आठ आठवड्यांत व्रण तयार होतो. तो भिंत धरून ठेवतो, पण आकुंचन पावत नाही. उरलेलं हृदय ताणलं जातं, फुगतं. मग आपल्याकडे जे सर्रास ऐकू येतं ते ऐकू येतं, 'वाचले, पण पंपिंग तीसवर आलंय.' दोन उशा घेऊन झोपणं, रात्री धाप लागून उठणं, पायाला सूज, शेत विकून घेतलेली औषधं. सकाळी बघू म्हणण्याची किंमत दरवेळी मृत्यूच नसते. कित्येकदा ती पुढची दहा वर्षं हप्त्याने फेडावी लागते.

हे तास निर्णायक आहेत याचा पुरावा जुना आहे. १९८० साली अमेरिकेत डी-वुड या डॉक्टरांनी त्रास सुरू झाल्यापासून चार तासांत अँजिओग्राफी केली तेव्हा ८७ टक्के रुग्णांची धमनी पूर्ण बंद सापडली. गुठळी सापडली, तर ती विरघळवताही येईल. १९८६ साली इटलीतल्या जवळपास १२ हजार रुग्णांच्या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज हे इंजेक्शन पहिल्या तासात मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. सहा तासांनंतर दिलं तेव्हा फायदा दिसला नाही. दोन वर्षांनी १७ हजारांहून जास्त रुग्णांच्या आयसिस-२ चाचणीत साध्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या रोगांचे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी केले. ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज मिळून ४२ टक्क्यांनी. नशीबवाद्यांसाठी याच चाचणीत एक गंमत आहे. रुग्णांचे गट पाडून वेगवेगळे निष्कर्ष दाखवण्याचा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी राशींप्रमाणेही गट पाडून दिले. मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना ॲस्पिरिन थोडं बाधतंच, असं उत्तर आलं. असे तुकडे पाडले तर योगायोगही शास्त्राचा आव आणतो, हे दाखवायला त्यांनी ते छापलं. ग्रहांचा हात असलाच तर तो एवढाच.

आणि आपण हे तास कुठे घालवतो? देशातल्या ८९ रुग्णालयांतल्या २०,९३७ रुग्णांची क्रिएट नोंदणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचायला लागलेला मध्यम वेळ ३६० मिनिटं. दारातून आत आल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू व्हायला ५० मिनिटं. ती ५० मिनिटंही जास्तच आहेत. पण सहा तास दाराबाहेर गेले, हे कुणाच्या कुंडलीत लिहिलेलं नव्हतं.

या सहा तासांना आपला मोबाइल हातभार लावतो. 'एकटे असाल तर जोरजोरात खोका' हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. शुद्धीवर असलेल्या माणसाचं हृदय रक्त ढकलतच असतं. खोकल्याने गुठळी हलत नाही. आणि हृदय थांबलंच, तर काही सेकंदांत शुद्ध जाते, खोकणार कोण? अमेरिकन हार्ट असोसिएशन हा प्रकार लोकांना शिकवत नाही. सॉर्बिट्रेटचं तसंच. जिभेखाली ठेवलेली ती गोळी धमन्या सैल करते, गुठळी विरघळवत नाही. रक्तदाब आधीच पडला असेल तर ती आणखी पाडते. दुसऱ्याच्या डबीतली गोळी उसनी घेऊन स्वस्थ पडून राहणं म्हणजे फसवी सुटका. 'ईसीजी नॉर्मल आला, घरी जा' हेही वाक्य धोक्याचं. पहिला ईसीजी साफ असू शकतो. त्रास चालू असेल तर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढायचा असतो, रक्तातलं ट्रोपोनिन तपासायचं असतं. लसूण-आलं-लिंबाचा काढा ब्लॉकेज विरघळवतो म्हणणाऱ्यांनी तो खुशाल भाजीत घालावा.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त टोकदार आहे. 'हा सगळा स्टेंटचा धंदा आहे. गेलो की अँजिओग्राफीच्या टेबलावर घेतात आणि नातेवाइकांना घाबरवून स्टेंट टाकतात.' या संशयाला आधार आहे. केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी स्टेंटची, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या औषध लावलेल्या जाळीची, कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, त्याआधी रुग्णांकडून कितीतरी पट उकळले जात होते. शिवाय अटॅक आलेला नाही, चालताना छातीत भरून येतं एवढंच आहे, अशा स्थिर रुग्णांत औषधांवर स्टेंटची भर घातल्याने मृत्यू टळत नाहीत, असं २००७ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या करेज आणि इस्केमिया या मोठ्या चाचण्यांत दिसलं. तेव्हा घाई नसताना दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या. पण धमनी ठार बंद होऊन अटॅक चालू असताना तीच धमनी उघडणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचा फायदा निर्विवाद आहे. पहिल्या प्रसंगातला शहाणपणा दुसऱ्या प्रसंगात लावणं म्हणजे आत्मघात. रात्री तीन वाजता दुसरं मत घेत बसायचं नसतं.

तिसरा आक्षेप लशीचा. कोविडच्या लशीमुळे तरुण मरताहेत, हे आता पारावर गृहीतच धरलं जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) १८ ते ४५ वयातल्या, उघड आजार नसताना अचानक झालेल्या मृत्यूंचा ४७ रुग्णालयांच्या परिसरात अभ्यास केला. तो २०२३ साली आला. लशीने धोका वाढल्याचं आढळलं नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत घरात असे मृत्यू झालेले असणं, कोविडमुळे रुग्णालयात राहावं लागलेलं असणं, मृत्यूआधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा अतिश्रमाचा व्यायाम हे होतं. लशीला दोष देणं सोपं. त्यासाठी कुणाला हातातला ग्लास खाली ठेवावा लागत नाही.

तरुण मैदानावर कोसळतो तेव्हा अनेकदा धमनीचा नव्हे, हृदयाच्या ठोक्यांच्या विजेचा घोटाळा असतो, आणि अटॅकमुळेही तो घोटाळा होऊ शकतो. माणूस पडला, हाक मारून हलत नाही, श्वास नीट नाही, तर कांदा हुंगवू नका, पाणी पाजू नका. कुणाला तरी रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायला सांगा आणि छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा. दर मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. भोवती जमून व्हिडिओ काढणाऱ्यांच्या मिनिटांचाही हिशेब त्यात येतो.

'वेळ आली होती' हे वाक्य घरच्यांना दिलासा देतं, तसं ते सरकारच्याही सोयीचं आहे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफीची खोली, लागत नाही. ईसीजी, तो वाचणारं कुणीतरी, आणि औषध लागतं. ग्रामीण रुग्णालयात हे तिन्ही एका वेळी, रात्री तीन वाजता, हजर असायला हवेत. तमिळनाडूत लहान रुग्णालयं, रुग्णवाहिका आणि कॅथलॅब एका साखळीत जोडून पाहिलं, तेव्हा वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. क्रिएट नोंदणीत तीस दिवसांतले मृत्यू गरिबांत ८.२ टक्के आणि श्रीमंतांत ५.५ टक्के होते. मिळालेल्या उपचारांचा फरक हिशेबात धरताच हे अंतर नाहीसं झालं. गरिबाची वेळ लवकर येत नव्हती. त्याला इंजेक्शन आणि उपचार कमी मिळत होते. तालुक्याच्या आमदाराला कमानीऐवजी याबद्दल विचारावं.

वाचकाने आजच करावं असं थोडंसं आहे. घरापासून जवळचं, रात्री चालू असणारं कोणतं रुग्णालय अटॅकवर इंजेक्शन देतं किंवा धमनी उघडतं, हे विचारून फोनमध्ये नोंदवा. छातीत, जबड्यात, हातात, पोटाच्या वरच्या भागात दडपण येऊन पंधरा मिनिटांत गेलं नाही, किंवा सोबत घाम, धाप, मळमळ असेल, तर तो अटॅकच आहे असं धरून चाला. मधुमेहींना, म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना छातीत न दुखता नुसती धाप किंवा विलक्षण गळून गेल्यासारखंही होतं. १०८ लावा. जिना चढउतर नको, मोटारसायकल नको, आंघोळ नको. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर फोनवरच्या डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खा. गॅस निघाला तर काय, डॉक्टर हसतील, हसू द्या.

आणि यापुढे कुणी 'अटॅक काय सांगून येतो' म्हणालं, तर त्याला दोनच प्रश्न विचारा: दुखायला किती वाजता लागलं, आणि ईसीजी किती वाजता निघाला?